डॅन म्हातारा झालाय, होऊ द्या की!

'नाइट कोर्ट' २०२३ मध्ये परत आलं. पहिला भाग बघून मित्र म्हणाला, "डॅनला पार मवाळ केला राव!" अरे, मग काय हवं होतं? १९८४ चा डॅन सरकारी वकील, दिसेल त्या बाईच्या मागे. जॉन लॅरोकेटला त्यासाठी सलग चार एमी मिळाले, कबूल. पण पंचाहत्तरीत तेच चाळे? शी! इथे तो विधुर आहे, आणि हॅरीची जज्ज मुलगी अ‍ॅबी त्याला चक्क आरोपींच्या बाजूने उभं करते. त्या भागात जीव आहे तो तेवढाच. माझी तक्रार उलटी आहे. म्हाताऱ्याचं दुःख जरा कुठे टेकतंय, तोवर हशा! दोन सेकंद गप्प बसा ना.