फिलिप रथात चढला तेव्हा

गेल्या रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामात एक प्रस्ताव मांडला गेला. शेजारच्या देशातल्या एका लहानशा ख्रिस्ती समाजाने विनंती केली आहे. त्यांच्याकडे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या सेवक-सेविका नवख्या आहेत, त्यांना शिकवायला उज्जैनहून कोणी यावे. आपल्यातले चार जण दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस पाठवावेत, असा बेत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना, म्हणून लिहायला बसले.

जायला माझा विरोध नाही. प्रभूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले, त्यात आपणही आलोच. मला खटकतो तो 'चार जण, दहा दिवस' हा हिशेब. कारण त्या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला मी स्वतः बसलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही परदेशातून असेच प्रशिक्षक आले होते. माणसे मनाने चांगली, प्रार्थनाशील. तीन दिवसांचे शिबिर, रंगीत फ्लॅनेलचा फळा, हातात घालायच्या बाहुल्या, इंग्रजी गाणी, आणि प्रत्येकीला एक पेटी. पेटीतला डिंक महिन्याभरात संपला. तसला डिंक इथे मिळेना, म्हणून पेटी कपाटावर गेली, ती अजून तिथेच आहे. दर स्वच्छता मोहिमेत आम्ही ती पुसून परत ठेवतो!

त्या शिबिरातला एकच तास माझ्या कामी आला, आणि तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. विषय होता उत्तम मेंढपाळ. पडद्यावर हिरवेगार कुरण, पांढरे कुंपण, गोरापान मेंढपाळ. तेवढ्यात वीज गेली. प्रोजेक्टर बंद. पाहुण्या बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्यापैकी कोणी खराखुरा मेंढपाळ पाहिला आहे का?" मागे बसलेल्या खेड्यातल्या एका मावशींनी हात वर केला. त्या रविवारी वर्गात मदत करायच्या, पण सभेत कधी बोलायच्या नाहीत. त्या बोलू लागल्या. पिके निघाली की राजस्थानचे मेंढपाळ माळव्यात उतरतात. लाल पागोटी, सोबत उंट, कुत्री, सगळे बिऱ्हाड. शेतकरी त्यांचा कळप रात्री आपल्या शेतात बसवून घेतो, जमिनीला खत मिळते. वाटेत व्यालेल्या मेंढीचे कोकरू झोळीत घालून उंटावर ठेवतात. आणि मेंढपाळ झोपतो कुठे? कळपाच्या कडेला, उघड्यावर, थंडीत.

पाहुण्या बाईंनी वही काढली आणि लिहून घेऊ लागल्या. मी आजही तो धडा मावशींच्या पद्धतीनेच शिकवते. एकदा छापील चित्र दाखवले, तर वर्गातल्या एका मुलाने विचारले, "दीदी, इसका ऊंट कहाँ है?"

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप आणि कूशी अधिकारी यांची गोष्ट आहे. परदेशी माणसाला शिकवण्याचा तो अगदी आरंभीचा प्रसंग. फिलिप काय करतो ते पाहा. तो रथ थांबवून त्याला खाली उतरवत नाही, रथाबरोबर धावतो. तो माणूस काय वाचतो आहे ते ऐकतो. वाचतोस ते समजते का, एवढेच विचारतो. बोलावल्यावर वर चढून शेजारी बसतो. आणि आरंभ करतो तो त्या माणसाच्या हातात आधीच उघडलेल्या यशयाच्या ओळींपासून. बाप्तिस्मा झाल्यावर फिलिप दिसेनासा होतो. तो माणूस मात्र आनंदाने आपल्या वाटेने पुढे जातो. अहवाल नाही, समूहछायाचित्र नाही.

आपल्या मराठीत तर याचा मोठा दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले १६१६ साली. मधली सदतीस वर्षे! पुराणाची सुरुवातही धर्मशिक्षणाच्या वर्गातून होते. साष्टीच्या चर्चमध्ये मुलांना शिकवणे चालू असते आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो की या शिकवणुकीच्या जोडीला आम्हाला पुराणासारखे काही द्या. स्टीफन्स यांनी ती मागणी ऐकली आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. छंद त्यांनी सोबत आणला नव्हता, तो ऐकणाऱ्यांचा होता.

फार लांब कशाला जा? उज्जैन १९६८ साली एक्झार्केट झाले तेव्हा ते संत थॉमस मिशनरी सोसायटीकडे सोपवले गेले. केरळमधून आलेल्या फादरांना आधी इथली हिंदी शिकावी लागली.

पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ च्या पत्राने धर्मशिक्षकाचे सेवापद रीतसर स्थापन केले, तेही स्थानिक ख्रिस्तसभेतली स्थिर सेवा म्हणून. 'स्थिर' हा शब्द मला दहा दिवसांच्या हिशेबात बसवता येत नाही.

तर माझे म्हणणे असे. चार नव्हे, दोघांनीच जावे, पण निदान महिनाभर. दिवाळीची सुट्टी त्याला पुरणार नाही, म्हणून मे महिना बघू. पहिला आठवडा वर्गात मागे बसावे, गप्प. तिथल्या आज्या मुलांना काय गाऊन झोपवतात, मुले कशाला घाबरतात, कोण घरी न जेवता येते, हे टिपावे. वाचलेल्या दोन तिकिटांच्या पैशात त्यांच्यातल्या दोघी इथे याव्यात, आपल्या घरांत राहाव्यात आणि आपल्या वर्गातल्या चुका आपल्याला सांगाव्यात.

आणखी एक गोष्ट, जी उत्साहात राहून जाते. मुलांची सुरक्षितता. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, 'आपसांत मिटवू' म्हणता येत नाही. तिथला कायदा वेगळा असणार. तो जाण्याआधी समजून घ्यावा आणि शिकवणीचा पहिला तास त्याचाच ठेवावा, गाणी नंतर. आई-वडिलांना विचारल्याशिवाय एकही मूल वर्गात बसवू नये, त्याचा फोटो काढू नये, हेही त्याच तासात.

येत्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा बैठक आहे. मी हे सगळे तिथे बोलणार आहे, कोणाला वाईट वाटले तरी. मावशींनाही निरोप धाडला आहे. त्या म्हणाल्या, "येईन, पण बोलणार नाही." बघू, वीज गेली तर.