मधमाशीचा प्रश्न हा जमिनीचाच प्रश्न

पर्यावरण हा शब्द काढला की आपल्याच काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. पोट भरलेल्यांचे विषय आहेत हे, असे म्हणून ते पुढे जातात. ॲट्रॉसिटीची प्रकरणे, रखडलेली शिष्यवृत्ती, खासगीकरणात बुडत चाललेले आरक्षण एवढे सगळे समोर असताना रानमाश्यांवर कोण लिहिणार? आम्ही लिहितो आहोत, कारण ज्यांच्या हातात हा विषय सोडून दिला त्यांनी तो मधाच्या बाटलीपुरता आणि बाल्कनीतल्या कुंडीपुरता करून ठेवला आहे.

आमच्या एव्हरशाईन सिटीतलेच पाहा. वसई पूर्वेला स्टेशन आणि अहमदाबाद हायवे यांच्या मधल्या पट्ट्यात ही वसाहत उभी आहे. एखाद्या इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागले की सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर गोंधळ सुरू होतो. मग हातावर पोट असलेला एखादा माणूस बोलावला जातो आणि तो दोरीला लटकून फवारा मारतो. ना जाळी, ना हातमोजे. डंख त्याच्या वाट्याला, आणि खाली पडलेला मेलेल्या माश्यांचा सडा झाडूवाल्या ताईंच्या वाट्याला. आग्या माशी हंगामी पाहुणी असते, फुलोरा सरला की पोळे सोडून स्वतःच निघून जाते, हे त्या गटावर कुणी सांगत नाही.

पण आग्या, सातेरी, फुलोरी या झाल्या मधाच्या माश्या. जगात माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक पोळे करत नाहीत, मध साठवत नाहीत. एकट्याने राहतात. बऱ्याच जणी उघड्या जमिनीत बीळ करतात, काही पोकळ काडीत, बांबूत, वाळक्या लाकडात. वांगे आणि टोमॅटोच्या फुलात परागकण नळीत कोंडलेले असतात. ते बाहेर काढायला फूल धरून अंग थरथरवावे लागते. काळा भुंगा हे काम करतो. पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही. म्हणून ‘शेतात चार पेट्या ठेवा, प्रश्न मिटला’ हा सल्ला अपुरा आहे. भुंग्याला वाळके लाकूड लागते, जमिनीतल्या माशीला न नांगरलेला तुकडा लागतो. म्हणजे बांध, गायरान, ओढ्याचा काठ, पडीक.

कोस्टा रिकातल्या कॉफीच्या मळ्यावर २००४ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगलाच्या तुकड्यापासून साधारण एक किलोमीटरच्या आत असलेल्या झाडांचे उत्पादन सुमारे वीस टक्क्यांनी जास्त भरले, आणि ही वाढ रानातून येणाऱ्या माश्यांमुळे होती. शेताचे उत्पन्न शेताच्या हद्दीबाहेर ठरते, असा त्याचा अर्थ. आता वसईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला केळीच्या, भाजीच्या, फुलांच्या वाड्या. पूर्वेला तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य, २००३ साली जाहीर झालेले. मधली भातखाचरे गेली, गोखिवरे-वालीवकडे कारखान्यांचे गाळे आले, टॉवर आले. लहान माशी घरट्यापासून काही शे मीटरपलीकडे फारशी जात नाही. तिने हा पट्टा कसा ओलांडायचा?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला, त्याचे मोल आम्ही मान्य करतो. पण पूर्वेच्या पाड्यांवरचा भूमिहीन वारली, कातकरी त्या ‘हिरव्या’ चित्रात कुठे होता, हेही विचारले पाहिजे.

इथे एक धोका आहे आणि तो आपणच आधी ओळखलेला बरा. ‘माश्यांना पडीक जमीन हवी’ असे म्हटले की उद्या कुणी म्हणेल, मग गायरानावरच्या भूमिहीनांना उठवा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली ज्या जमिनींसाठी हजारोंना तुरुंगात जायला तयार केले, त्या जमिनी निसर्गाच्या नावाने काढून घेणे सोपे जाईल. आमचे उत्तर स्पष्ट आहे. दोन एकरांत नाचणी, तूर, वाल, कडेला करंज आणि शेवगा राखणारा माणूस माशीचा शत्रू नव्हे. मैलभर एकच पीक, बांध मोडून केलेला लेआऊट आणि गायरान परस्पर सौर प्रकल्पाला देणारा सरकारी आदेश, हिशोब यांच्याकडून घ्या. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरच्या निबंधात दाखवले की जमीन लहान आहे एवढ्यावरून ती तोट्याची ठरत नाही, श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण पाहावे लागते. बांधावरच्या माशीवर त्यांनी लिहिले नाही, पण ‘तुकडे मोडा, मोठे करा’ या घोषणेकडे संशयाने पाहायला त्यांनीच शिकवले.

विषाचेही तेच. युरोपीय संघाने माश्यांसाठी तीन नियोनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला. त्यांतले इमिडाक्लोप्रिड आपल्याकडे कुठल्याही कृषी केंद्रात मिळते. आणि २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा पाठीवर पंप कुणाच्या होता? दुसऱ्याच्या कपाशीवर मजुरीने फवारणाऱ्यांत आपलीच माणसे होती. माशी मरते त्याच ढगात मजूर श्वास घेतो. तरी माशीसाठी वेगळी परिषद भरते आणि मजुरासाठी वेगळा मोर्चा निघतो.

वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनउपजाच्या व्याख्येत मध आणि मेण स्पष्ट लिहिलेले आहे. तो गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींचा आहे, अभयारण्यातही कायदा लागू आहे. वसई-विरारच्या आपल्या शाखांनी पावसाळ्याआधी दोन कामे घ्यावीत. तुंगारेश्वरभोवतीच्या पाड्यांचे सामूहिक दावे कुठल्या टेबलावर अडले आहेत याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. आणि तालुक्यातल्या गायरानांचे सातबारे काढून, कोणती जमीन कुणाला आणि कधी दिली गेली, त्याची यादी गावागावात वाचून दाखवावी.