पोटाचा मिस्ड कॉल

परवा ऑफिसात डबा उघडला आणि सात मिनिटांत संपवलासुद्धा. एक हात माउसवर, दुसऱ्यात पोळी. तरी पोट भरल्यासारखं वाटेना, म्हणून खाली जाऊन वडापाव हाणला. अर्ध्या तासात असं जड झालं, की मीटिंगमध्ये बसवेना. हे माझं रोजचंच. वर्षात पँटचे दोन साइज वाढले, तेव्हा कुठे डोकं चालवलं.

गंमत अशी, की पोट मेंदूला सतत फोन लावत असतं. जठर रिकामं झालं, की तिथलं घ्रेलिन हे हार्मोन 'भूक लागली' अशी वर्दी देतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९मध्ये शोधलं. जेवायला लागलो, की जठर ताणलं जातं. ती खबर व्हेगस नर्व्हमार्फत वर जाते. अन्न लहान आतड्यात उतरलं, की तिथून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला म्हणतं 'पुरे' आणि जठराला म्हणतं 'जरा हळू सोड'.

पण हे सगळे निरोप नीट पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. माझा 'पुरे' यायचा, तेव्हा वडापाव केव्हाच आत गेलेला!

आता डबा कँटीनमध्ये, मोबाइल डेस्कवर, आणि जेवायला पूर्ण वीस मिनिटं. पँट अजून तीच आहे म्हणा, पण वडापाव सुटलाय. 'सावकाश जेव, मागे कुणी लागलंय का?' असं आई लहानपणापासून ओरडत होती. तिला सीसीके माहीत नव्हतं, एवढंच.