तापमानाचा आकडा आणि मूळ नोंद

नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने मे 2024 च्या अखेरीस 56 अंश सेल्सिअस तापमान दाखवले, तेव्हा भारतीय हवामान विभागाने संवेदक, म्हणजे उष्णता टिपणारा विद्युत घटक, बिघडल्याचे सांगून तो आकडा अमान्य केला. दिल्लीतील मुंगेशपूरच्या 52.9 अंशांच्या नोंदीतही त्याच आठवड्यात सुमारे 3 अंशांची चूक आढळली. खुलासा झाला हे स्वागतार्हच, परंतु शंका फिटते ती मूळ नोंद, दुरुस्त आकडा आणि दुरुस्तीची पद्धत एकत्र खुली केल्यावर. पुण्यात बावधनला लागून असलेल्या पाषाणात उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था, तर शिवाजीनगरला हवामान विभागाचे मोठे कार्यालय असल्याने ही प्रथा पुण्यानेच सुरू करावी आणि बावधनमधील शाळकरी विद्यार्थ्यालाही त्या नोंदी विनासायास पडताळता याव्यात.