मोडकी गाडी टाकू नका

नातेवाइकांनी परदेशातून आणलेली, जोडता जोडता अर्धवट राहिलेली छोटी मोटार माळ्यावर सापडली की आपण ती भंगारात काढतो. आमच्या मते ती मुलांच्या हाती द्यावी.

अमेरिकेतील ‘एएमटी’ कंपनीने १९५८ साली १/२५ प्रमाणातील मोटारींचे प्लॅस्टिक संच बाजारात आणले. म्हणजे खऱ्या मोटारीचे २५ सेंटिमीटर येथे १ सेंटिमीटर होतात. एकाच संचातून तीन तऱ्हांनी मोटार जोडता येई. घाईने, भरमसाट गोंद लावून जोडलेल्या जुन्या गाड्यांना संग्राहक थट्टेने ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात आणि त्याच हौसेने शोधून दुरुस्त करतात.

हे काम सोपे नाही. हा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो. म्हणून जोर केला तर सांध्याऐवजी शेजारचा भाग तुटतो. जुना रंग उतरवायचा, गोंदाचे ओघळ पॉलिश पेपरने घासायचे, हरवलेले चाक दुसऱ्या मोडक्या संचातून मिळवायचे. रसायने वापरताना मोठे माणूस जवळ आणि खिडकी उघडी हवी. यातून आपली चूक सुधारता येते, हे मुलांना हाताने कळते.

शाळेच्या प्रदर्शनांत पालकांनी केलेले सुबक प्रकल्प आपण पुष्कळ पाहिले. यंदा एक टेबल मुलांनी दुरुस्त केलेल्या वस्तूंसाठी ठेवावे, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे. चाक थोडे वाकडे बसले तरी चालेल. ते मुलानेच बसवलेले असावे.