गाडीला लागली एटीकेटी!

कॉलेजात एटीकेटी लागणं म्हणजे काही जगबुडी नव्हती. दोन विषय राहिले, पुढच्या खेपेला काढले, कँटीनला पार्टी झाली, विषय संपला! मग आरटीओच्या इन्स्पेक्शनमध्ये गाडीचे तीन-चार विषय राहिले, तर लगेच ‘विकून टाकू या’ची भाषा कशाला?

ज्यांना हा पेपर अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा सिलॅबस. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. ते संपलं की गाडी आरटीओत दाखवून रिन्यू करायचं, आणि मिळतात आणखी ५ वर्षं. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी ६०० वरून थेट ५ हजारांवर गेलीय आणि उशीर केलात तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय ग्रीन टॅक्स वेगळा. म्हणजे ‘बघू नंतर’ हा अॅटिट्यूड इथे चांगलाच महागात पडतो!

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या घरी गेल्या वर्षी हेच झालं. बाबांची २०१० ची हॅचबॅक. बाबांनी ती जिवापाड जपलेली, दर रविवारी शॅम्पूने अंघोळ! तरीही गाडी फेल. कारणं काय, तर चासी नंबर वाचता येत नाही, डावा ब्रेक लाइट बंद, हेडलाइटची काच पिवळी आणि पुढचा वायपर फाटलेला. बाबा एकदम गप्प. चिरंजीव म्हणाले, ‘एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू.’ तेवढ्यात गेटवरचा एजंट आलाच, ‘साहेब, गाडी आणायची पण गरज नाही. मी बघतो सगळं.’

थांबा. एजंटकडे नंतर येऊ. आधी राहिलेले विषय काढू.

पेपर पहिला, चासी नंबर. इन्स्पेक्टरला या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा असतो. १५ वर्षांची धूळ, ग्रीस आणि गंज बसल्यावर ठसा उठणार कसा? नंबर कुठे आहे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावून जुन्या टूथब्रशने हळू साफ करा. खरखरीत पॉलिश पेपर अजिबात नको. एखादा आकडा घासला गेला, तर साधी एटीकेटी ड्रॉपवर जाईल!

पेपर दुसरा, ब्रेक लाइट. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. एक रात्रीच्या टेललाइटचं, दुसरं ब्रेकचं. ब्रेकचं गेलं तरी टेललाइट लागतच राहतो, त्यामुळे ‘दिवे तर लागतायत की’ असं वाटत राहतं. आणि स्वतःचा ब्रेक लाइट स्वतःला कधी दिसतो का? रात्री पार्किंगमध्ये गाडी भिंतीकडे रिव्हर्स लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. बल्ब नवा घालूनही मंदच लागत असेल, तर होल्डरमधला गंज साफ करा. अर्थिंग नीट नसलं की असं होतं. बोनस टिप : इंडिकेटर एका बाजूला नेहमीपेक्षा भरभर टिकटिकत असेल, तर बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो.

पेपर तिसरा, हेडलाइट. ही काच म्हणजे बहुतेक वेळा प्लॅस्टिकच असतं, उन्हाने पिवळं पडलेलं. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, मग रबिंग कंपाउंड, आणि वर यूव्ही कोटिंग. कोटिंग टाळलंत तर काही महिन्यांत पुन्हा कावीळ! प्रकाश कमी पडतो म्हणून कुणी मोठ्या वॅटचे बल्ब लावून दिले असतील, तर ते काढा आणि कंपनीने दिलेल्याच वॅटचे लावा. साध्या एच-४ हॅलोजनला ते ६०/५५ असतात.

पेपर चौथा, वायपर. यात ग्लॅमर काहीच नाही. ब्लेड बदला, पाण्याची पिचकारी नीट उडते ना ते बघा, झालं. जाता जाता हॉर्न, आरसे, सीट बेल्टही तपासा. काचांना काळी फिल्म असेल तर काढा, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच ती बंद केलीय. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावून घ्या. आणि पीयूसीला थंड गाडी नेऊ नका. १५-२० मिनिटं चालवून न्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम होऊन धूर नीट साफ करतो.

काही विषयांना मात्र क्लास लावावाच लागतो. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंगला ढिलाई आहे, खालचा पत्रा सडलाय, या गोष्टींसाठी थेट मेकॅनिक. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खाच जेमतेम १.६ मिलिमीटर उरली. टायर रिटायर करा.

आता तो एजंट. मित्राला ऑफर टेम्प्टिंग वाटली होती, खोटं कशाला बोला! सुट्टी वाचत होती. पण बाबा दर महिन्याला रात्रीच्या वेळी साताऱ्याहून पुण्याला येतात. खंबाटकीच्या घाटात त्यांनी ब्रेक दाबला, की मागच्या ट्रकला काय दिसतं? एकच दिवा. किती महिन्यांपासून, कोण जाणे. गाडी न नेता पास झाली असती, तर हे कुणाला कळलंच नसतं. स्टँप मिळाला असता, दिवा नाही.

शेवटी त्याने नाना पेठेतून बल्ब आणि ब्लेड आणले आणि एका रविवारी शॅम्पूऐवजी स्पॅनरचा कार्यक्रम झाला. बाबांनी टॉर्च धरला आणि सूचनाही भरपूर केल्या. दुसऱ्या खेपेला गाडी पास!

तेव्हा दोस्तांनो, फेल झालात तर कारणांची यादी नीट लिहून घ्या. ५ हजार फी भरून एका अनोळखी माणसाने तुमची गाडी तुमच्यापेक्षा बारकाईने बघितलीय, तर वसूल करा की! आणि पास झालेले असलात तरी आज रात्री एवढं कराच. भिंत शोधा, गाडी रिव्हर्स लावा, ब्रेक दाबा. दोन्ही दिवे दिसले? मग खुशाल झोपा.