डॉक्टर बेळगावचे, पेशंट चंदगडचा: फोनवरचा सल्ला चालतो, सरकारी सोय मात्र सीमेवरच थांबते

बेळगावच्या डॉक्टरांनी फोनवर तपासून व्हॉट्सॲपवर पाठवलेली चिठ्ठी महाराष्ट्रात चालते का? चालते. उत्तर आधीच सांगून टाकलं, कारण सीमेलगतच्या गावांत यावर उगीच गोंधळ आहे. कुणी म्हणतं कर्नाटकातल्या डॉक्टरला इकडचं लायसन लागतं, कुणी म्हणतं फोनवरची चिठ्ठी बेकायदा. काही मेडिकलवालेही असा कागद बघून मान हलवतात.

हा प्रश्न आपल्याकडे हौसेचा नाही. चंदगड तालुक्यातून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, आणि शिनोळी ओलांडली की बेळगाव समोर. म्हणून हृदयाचं, किडनीचं, मेंदूचं काही निघालं की गाडी आपोआप बेळगावकडे वळते. ही वाट एकतर्फीही नाही. अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसं कित्येक पिढ्या मिरजेला दाखवायला येतात. ऑपरेशन एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, हे इथलं रोजचं चित्र आहे.

ऑपरेशन एकदाच होतं, पण त्यानंतरच्या फेऱ्या वर्षानुवर्षं चालतात. स्टेंट बसवलेल्या माणसाला दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जायचं म्हणजे त्याचा एक दिवस गेला, सोबत येणाऱ्याचा हजेरीचा दिवस गेला, वर गाडीभाडं आणि बाहेरचं जेवण. डॉक्टरांसमोर बसायला मिळतात पाच-सात मिनिटं, आणि बऱ्याचदा ऐकायला मिळतं, ‘याच गोळ्या चालू ठेवा.’ शिवाय रस्ता उघडा असेलच असं नाही. कोरोनात कोगनोळीच्या नाक्यावर काय हाल झाले ते सगळ्यांना आठवतंय. २०२१ मध्ये तर आरटीपीसीआरचा रिपोर्ट असल्याशिवाय पलीकडे सोडत नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावात कंडक्टरला मारहाण झाली, वाद पेटला आणि दोन्हीकडच्या बस काही दिवस थांबल्या. भाषेचा वाद ज्याचा त्याला, पण त्या दिवसांत ज्यांची तपासणीची तारीख होती त्यांनी काय करायचं?

कायदा काय म्हणतो ते बघू. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने टेलिमेडिसिनची नियमावली काढली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला फोन, व्हिडिओ किंवा मेसेजवरून सल्ला देऊ शकतो. डॉक्टरची नोंदणी कर्नाटकच्या मेडिकल कौन्सिलकडे असो नाहीतर महाराष्ट्राच्या, फरक पडत नाही. गोव्यातल्या कंपनीत कामाला असलेला आपला पोरगा गडहिंग्लजच्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवू शकतो. दुबईतला मात्र या नियमावलीत बसत नाही, कारण ती देशाच्या हद्दीपुरतीच आहे.

उलटा प्रकार अमेरिकेत आहे. तिथे प्रत्येक राज्य डॉक्टरला वेगळं लायसन देतं आणि सल्ला घेताना पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचं लायसन लागतं. कोरोनात तिथे सवलत मिळाली होती, ती पुढे बहुतेक राज्यांनी काढून घेतली. त्यामुळे तिकडे लोक गाडी काढून राज्याची हद्द ओलांडतात, पार्किंगमध्ये थांबून मोबाईलवर डॉक्टरांशी बोलतात आणि परत घरी येतात. आपल्याला एवढं करायची गरज नाही. याबाबतीत आपला नियम त्यांच्यापेक्षा शहाणा आहे म्हणायला हरकत नाही.

पण फोनवर सगळंच चालतं असंही नाही, आणि खरी मेख इथे आहे. त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी तुम्ही गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष दाखवलं असेल, तर पुढचा फोन ‘फेरतपासणी’ धरला जातो. मग आधीच्या गोळ्या पुन्हा लिहून देता येतात, त्याच आजारासाठी एखादी नवी जोडताही येते. सहा महिने उलटले किंवा दुखणं वेगळंच निघालं, तर तो पहिलाच सल्ला समजला जातो. पहिल्या सल्ल्यात नुसत्या बोलण्यावर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधंच देता येतात. त्यापलीकडची ठरावीक औषधं द्यायची तर व्हिडिओ लागतो. मॉर्फिनसारखी अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं फोनवर मागूच नका. डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत, त्यांचे हात बांधलेले आहेत. समोर बसवून तपासलंच पाहिजे असं त्यांना वाटलं तर तसं सांगायचाही त्यांना अधिकार आहे.

चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि पेशंटचं नाव-वय हवं. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा स्कॅन मेसेजवर पाठवलेला चालतो, हेही नियमावलीतच आहे. नोंदणी क्रमांक कर्नाटकचा आहे एवढ्यावरून मेडिकलवाल्याने औषध नाकारण्याचं कारण नाही. तो घाबरतो त्यामागे त्याचीही बाजू आहे. काही अँटिबायोटिक आणि टीबीच्या औषधांची त्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता लिहावा लागतो. अस्पष्ट फोटोवरून तो काय लिहिणार? तेव्हा चिठ्ठी नीट वाचता येईल अशी मागून घ्या. नुसता ‘ही गोळी घ्या’ असा मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे.

इथपर्यंत सीमा आडवी येत नाही. ती आडवी येते ती सरकारी दारात.

केंद्राच्या ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांचा फुकट सल्ला मिळतो. सोय चांगली आहे. गावच्या उपकेंद्रात म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात गेलात तर तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना आपण सीएचओ म्हणतो, ते बीपी-शुगर बघून व्हिडिओवर मोठ्या डॉक्टरांशी जोडून देतात. पण ही सगळी बांधणी राज्यनिहाय आहे. आपल्या उपकेंद्रातून जोडणी होते ती महाराष्ट्राच्या डॉक्टरांशी. ज्याने तुमची अँजिओप्लास्टी केली तो बेळगावचा डॉक्टर त्या पडद्यावर येत नाही. जो येतो त्याला तुमची केस पहिल्यापासून सांगावी लागते, तीही इंग्रजी डिस्चार्ज कार्ड हातात धरून.

पैशाचंही तसंच. फोनवरच्या सल्ल्याची फी कुठलीच योजना देत नाही, कारण महात्मा फुले योजना काय आणि आयुष्मान भारत काय, दोन्ही दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. दाखल व्हायचं ठरलं तर केंद्राच्या आयुष्मान योजनेत पात्र असलेलं कुटुंब देशभरात, यादीतल्या कुठल्याही दवाखान्यात जाऊ शकतं. राज्याच्या योजनेला मात्र राज्याच्या करारातलाच दवाखाना लागतो. यादी बघितल्याशिवाय निघू नका. तिकडे गोवा सरकारने २०१८ पासून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजमध्ये बाहेरच्या पेशंटना फी लावली, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीत किती ओरड झाली होती! आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना महात्मा फुले योजना द्यायचं ठरवलं, तर तिकडच्या सरकारने लगेच हरकत घेतली. आजारी माणसाला कुणी मदत करायची यावरही भांडण होऊ शकतं, हे त्यावेळी बघायला मिळालं.

सीमावाद सुटेल तेव्हा सुटेल. पण चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या उपकेंद्रांतून बेळगावच्या तज्ज्ञाला आणि चिकोडी-अथणीच्या उपकेंद्रांतून मिरजेच्या तज्ज्ञाला व्हिडिओवर जोडायला सीमावाद सुटायची गरज नाही. कायदा आड येत नाही, यंत्रणा केंद्राने बनवलेली आहे, उपकेंद्रात सीएचओ बसलेले आहेत. लागतो तो दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांमधला करार. आपले आमदार-खासदार सीमाप्रश्नावर भाषणं ठोकतात, त्यातलं एखादं पत्र यासाठी लिहिलं तर बिघडणार नाही.

फोनवर उपचार चुकला तर दाद कुठे मागायची, ही भीती अनेकांना असते. बेळगावला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी कोल्हापुरात. पण त्यासाठी पैसे भरल्याचा पुरावा हवा. फोनवरच्या फीची पावती द्यायची असं नियमावलीच सांगते, तेव्हा गुगल पे करून गप्प बसू नका, पावती मागा. चिठ्ठी आणि मेसेजही पुसून टाकू नका. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेल्या सल्ल्याला हा रस्ता लागू होत नाही.

अचानक छातीत दुखायला लागलं, तोंड वाकडं झालं, दम लागला, तर फोनवरच्या डॉक्टरांची वाट बघायची नाही. सीमेवरच्या गावात मोबाईल बऱ्याचदा पलीकडचा टॉवर पकडतो आणि १०८ नंबर दोन्ही राज्यांत आहे. फोन उचलला की पहिल्यांदा राज्य सांगा, मग तालुका, मग गाव. बेळगावच्या डॉक्टरांशी बोलत असतानाच असं झालं, तर त्यांनाही तुमच्या जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं ते सांगा, कारण इकडे काय उघडं आहे हे त्यांना माहीत असेलच असं नाही.

पुढच्या खेपेला बेळगावला किंवा मिरजेला गेलात की निघताना डॉक्टरांना विचारून घ्या: फेरतपासणी फोनवर कराल का, कुठल्या वारी, किती वाजता, फी किती. त्या दिवसाची तारीख केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सहा महिने तिथून मोजायचे आहेत.